पुलापलीकडचा फोन

"काय गं पोरी, आज तुझ्या साहेबांचा पारा कुठवर चढलाय?"

इतक्या वर्षांनीही व्हर्नाला तो आवाज तसाच्या तसा ऐकू येतो. भांडी घासताना नळाच्या धारेआडून येतो. चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातली की कानाशी येऊन बसतो. काकवीसारखा आवाज, संथ आणि गडद, चमच्यावरून सुटता सुटत नाही असा. मिस ओडेसा पिकेट यांचा आवाज; तिकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने मिसच म्हणतात.

त्यांचा चेहरा व्हर्नाने कधी पाहिला नाही. पण त्यांचं स्वयंपाकघर तिला ठाऊक होतं. भट्टीचं दार करकरायचं, बिस्किटांचा पत्रा ओट्यावर आदळायचा, खिडकीबाहेर कुठलंसं पाखरू साऱ्या रानाच्या नकला करत बसायचं. आणि फोन ताटकळत ठेवला की मिस ओडेसा गुणगुणायच्या. ते गाणं चर्चमधलं नव्हतं की रेडिओवरचं नव्हतं. ओठाला येतील ते शब्द गुंफून केलेलं, त्यांचं त्यांचं.

देव येणार गं दारी, वात सारून ठेव,
पाहुण्याच्या वाट्याचा घास झाकून ठेव.

स्टुडिओच्या काचेपलीकडे रॉय्स ट्रेडवे माइकसमोर गरजत असायचा, आणि काचेअलीकडे व्हर्ना एका कानाने त्याला आणि एका कानाने मिस ओडेसांना ऐकत असायची.

"आज नको, मिस ओडेसा," ती म्हणायची. "आज साहेब नुसते नांगी वर करून बसलेत. मेयरची सालटी काढून झाली, आता जो सापडेल त्याची."

"मग राहू दे बाई. बिस्किटं करपवून मी कशाला सालटी काढून घेऊ? उद्या बघू." आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलीस का गं?"

सकाळचे नऊ वाजलेले असायचे. तरी त्या विचारायच्याच.

बेलफोर्ड गावाच्या मधून कूसा नदी जाते. पुलाच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे. असं कुठे लिहिलेलं नाही, पण गावात जन्मलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. रॉय्सचा रेडिओ मात्र दोन्ही काठांवर वाजायचा. सूतगिरणीच्या कामगाराचा हा मुलगा, शाळा अर्धवट सोडलेला, पण जिभेला अशी धार की लोक कामावर पोचले तरी गाडी बंद न करता आतच बसून राहायचे, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत. रोज सकाळी तो एकच वाक्य म्हणून सुरुवात करायचा, "या मंडळी. रेडिओला डोळे नसतात, इथे सगळे सारखे." हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकावरही तेच वाक्य होतं, त्याच्या हसऱ्या फोटोखाली.

व्हर्नाचं काम फोन घेण्याचं. कोण, कुठून, कशाबद्दल बोलणार, ते विचारायचं. फोन आत रॉय्सकडे सोडायच्या आधी एक बटण दाबून त्याच्या हेडफोनमध्ये हळूच सांगायचं. ते बोलणं फक्त त्याच्या कानात जायचं, हवेवर, म्हणजे रेडिओवर, जायचं नाही. "अर्ल, मिल रोड, पाण्याचं बिल, तापलाय." "बेटी जो, दुकानाच्या मागची, नवऱ्याची तक्रार, हसवेल." लग्नात करवली नवरीच्या कानाला लागते ना, तसं. लोकांना वाटायचं, रॉय्स नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखतो. ती ओळख व्हर्नाने त्याच्या कानात घातलेली असायची.

पहिल्या वर्षीच एकदा त्याने जाहिरात चालू असताना काचेवर टकटक केलं होतं.

"अगं व्हर्ना, तो मघाचा. कुठला होता?"

"कुठला म्हणजे? गावातलाच."

"ते कळलं गं. पुलाच्या अलीकडचा का पलीकडचा?"

"आवाजावरून पलीकडचा वाटला बाई."

"मग आधी सांगत जा की. मला कळायला नको, कुठल्या सुरात बोलायचं?"

त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. पाहुणा आला की तिखट खातो का विचारतोच ना आपण. दुसऱ्या दिवसापासून नाव, गाव, विषय, रागरंग, आणि लागेल तिथे एक शब्द जास्त. पलीकडचा. पलीकडची. नवल म्हणजे कधी ती चुकायचीही. एकदा डोंगरातला एक गोरा खाणमजूर तिने पलीकडचा म्हणून सोडला, आणि रॉय्सने त्याची अशी काही टर उडवली, की तो माणूस संध्याकाळी बंदूक नाही पण बायको घेऊन स्टेशनवर आला. दोघं पोट धरधरून हसले होते त्यावर, रॉय्स आणि व्हर्ना. पलीकडचे फोन आले की तो कसा बोलतो, ते त्या दिवशी तिला काचेसारखं स्वच्छ दिसलं होतं. तरी ती हसली होती.

मिस ओडेसांना तिने कितीतरी महिने हवेवर चढू दिलं नाही. वेळ संपला, साहेब तापलेत, उद्या करा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पूल ओलांडणारी एकमेव बस नगरपालिका बंद करतेय, आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात यायला दुसरं साधन नाही. ते त्यांना रॉय्सच्या तोंडून मेयरला ऐकवायचं होतं. "तो ओरडला की कागद हलतात गं," त्या म्हणायच्या.

मग तो दिवस आला. हेमंतातली सकाळ, गावातले अर्धे लोक हरणांच्या शिकारीला गेलेले, फोनचे सगळे दिवे विझलेले. फक्त एक लुकलुकत होता. रॉय्स काचेपलीकडून हात फिरवून खुणावत होता, दे, काहीतरी दे. व्हर्नाने बटण दाबलं, त्याच्या कानात सांगितलं, आणि मिस ओडेसांना सोडलं.

पुढचं सगळ्या गावाने ऐकलं. आधी तो गोड बोलला. मग त्यांचे शब्द त्यांच्याच हेलात त्यांना परत करू लागला, शब्दाशब्दाला ताणून. बस कशाला हवी, सरकारी मदतीचा चेक तर घरपोच येतो की, म्हणाला. मुलं किती, म्हणाला, आणि बाप किती. एक कॅसेट होती त्याच्याकडे, तिच्यावर जंगलातल्या ढोलांचा आवाज होता, तो वाजवला. मिस ओडेसा सैनिकाची विधवा होत्या. ते सांगायचा त्यांनी प्रयत्न केला, तर ढोल अजून मोठा झाला.

व्हर्नासमोर एक लाल बटण असायचं. हवेवरचं बोलणं काही क्षण मागे चालायचं, कुणी शिवी हासडली तर ते बटण दाबून ती गिळून टाकायची. तिचं बोट त्या बटणावर टेकलेलं होतं. पण नियम शिवीचा होता. आणि रॉय्सने शिवी एकही दिली नव्हती.

"साहेब," मिस ओडेसा शेवटी म्हणाल्या, "मी तुमचं काय वाईट केलं?"

रॉय्सने फोन तोडला आणि हवामान वाचायला घेतलं.

त्यानंतर तो आवाज व्हर्नाला पुन्हा कधी ऐकू आला नाही. म्हणजे फोनवर नाही.

*

आता नगरपालिकेने नदीवर नवा पूल बांधलाय, आणि त्याला रॉय्स ट्रेडवेचं नाव द्यायचं घाटतंय. गेल्या हिवाळ्यात मिस ओडेसा वारल्या. त्यांच्या सामानात त्यांच्या मुलीला, नाओमीला, ती सकाळ सापडली. आपण रेडिओवर बोलणार म्हणून म्हातारीने टेप लावून ठेवली होती. नाओमीने ती पुलाच्या नावाची चर्चा चालली होती त्या बैठकीत ऐकवली, आणि गाव उभं चिरलं.

लोक आता जेवताना भांडतात, केस कापताना भांडतात. रॉय्स वर्णद्वेष्टा का फटकळ? त्या काळी सगळेच तसं बोलायचे का नव्हते बोलायचे? पर्लच्या हॉटेलात तर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. व्हर्नाचा नवरा हॉइट तिथे डेल्मरबरोबर बसतो. डेल्मर पलीकडचा, दोघांनी गिरणीत एकाच मागावर हात चालवले, एकाच होडीत मासे धरले. परवा व्हर्नाही त्यांच्या टेबलाशी होती. ताटात मक्याच्या कण्या, त्यावर लोणी.

"अरे, त्याला दिसत होतं का?" हॉइट म्हणाला. "रेडिओ आहे तो. उद्या मी आंधळ्यावर डोळा मारल्याचा आळ घेईन."

"हॉइट, तू फोन केलास की तो तुला काय म्हणायचा?" डेल्मरने कण्यांवर मिरपूड घातली.

"मला? हॉइट साहेब म्हणायचा. चेष्टेने."

"आणि मी केला की 'काय रे पोरा'. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. डोळे नसलेल्या माणसाला हे बरोबर जमायचं कसं रे?"

"तुझा आवाजच तसा आहे."

"कसा?"

हॉइटने पावासारखं गरम बिस्किट फोडलं. आतली वाफ वर गेली. "भसाडा," तो म्हणाला शेवटी.

डेल्मर मोठ्याने हसला. पण हसता हसता त्याची नजर व्हर्नावर आली. "तुला काय वाटतं व्हर्ना? तू तर होतीस तिथे. सगळ्या गावात तेवढी तूच होतीस."

"मी फोन घ्यायचे," व्हर्ना म्हणाली. "माझं काय." आणि उठून पैसे द्यायला गेली. काउंटरवर पर्लने विचारलं, जेवण बरं नव्हतं का, ताट तसंच आहे. व्हर्ना म्हणाली, दात दुखतोय.

तिचा एकही दात दुखत नव्हता. दुखत होतं ते बोटाने दाखवता येत नव्हतं. ती टेप नगरपालिकेत वाजली तेव्हा तीही मागच्या रांगेत होती. टेपवर रॉय्स म्हणतो, "चला, पुढचा फोन," आणि मग क्षणभर काहीच नाही. नुसती खरखर. मग तो म्हणतो, "गुड मॉर्निंग, मिस ओडेसा!" आणि त्या 'मिस'मध्येच हसू येतं, गावाला चांगलं ओळखीचं, दात दाखवणारं. सगळ्यांनी त्याच्या पुढचं ऐकलं, तोंडावर हात ठेवले, काहीजण उठून गेले. त्या खरखरीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या खरखरीत व्हर्ना होती. तेवढ्याच फटीत तिचं तोंड त्याच्या कानाशी लागलेलं होतं.

तिने सांगितलं नसतं तर? मिस ओडेसांचा हेल काही लपणारा नव्हता, रॉय्सला कळलंच असतं. ती स्वतःला असं रोज सांगते. मग स्वतःलाच विचारते, कळलंच असतं तर मग सांगितलंस कशाला?

*

वाचनालयात जाहीर चर्चा ठरली, आणि तिच्या दोन दिवस आधी रॉय्स स्वतः व्हर्नाच्या ओसरीवर येऊन बसला. दुपार होती. हॉइट होडीला रंग देत परसात होता. रॉय्स वाळला होता, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवली होती. जन्मभर हेडफोन लावून कान बरेचसे गेलेले, म्हणून तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा. व्हर्नाने थंडगार गोड चहाचा पेला आणि उकडलेल्या शेंगांचं भांडं पुढे ठेवलं.

"तुझ्या हातच्या शेंगा," तो म्हणाला. "स्टुडिओत टरफलं सांडायचो म्हणून किती शिव्या द्यायचीस."

"अजून देईन. पायाखाली बघ."

त्याने पाय उचलून बघितला, आणि दोघं हसले. हसणं विरलं तसा तो एकदम म्हातारा झाला.

"व्हर्ना, मला सगळे काय म्हणतात ऐकलंस ना? माझा नातू घरी येत नाही. फोनवर म्हणतो, आजोबा, मला कॉलेजात तोंड दाखवता येत नाही."

ती शेंगा सोलत राहिली.

"मी त्या बाईला वाईट बोललो. ऐकलं मी परवा. माझाच आवाज, मलाच ओळखू येईना. ते मी कबूल करीन, सगळ्यांसमोर. पण मी कुणाला सोडलं का गं? गव्हर्नरला सोडलं नाही, सख्ख्या भावाला सोडलं नाही. जो येईल त्याला भादरायचो. रंग बघून नव्हे. मला रंग दिसणार कसा? नुसता एक दिवा लुकलुकायचा."

व्हर्नाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाची रेघही नव्हती. तो विसरला होता. जो शब्द ती त्याच्या कानात वर्षानुवर्षं रोज घालत आली, तो त्याच्या कानात राहिलाच नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर ओंजळ कोरडी व्हावी तसा. आणि तो तिच्यापाशी तेवढा उरला होता, एकटीपाशी.

"तू उभी राहा," तो म्हणाला. "वाचनालयात. मी खोटं सांग म्हणत नाही. खरं काय ते सांग. तुझ्यावर दोन्हीकडच्या लोकांचा विश्वास आहे. तू नुसतं म्हण, त्याला माहीत नसायचं."

हॉइटने परांचीवरून पडून पाठ मोडून घेतली होती, त्या साली रॉय्स रोज रात्री इस्पितळात तिच्याजवळ बसायला येत होता. कडू कॉफी आणायचा आणि मुद्दाम इतके फालतू विनोद करायचा की परिचारिका दार लोटून घ्यायच्या. तिच्या जागी त्याने दुसरं कुणी घेतलं नव्हतं. ती परत येईपर्यंत स्वतःच फोन घेत, स्वतःच बोलत, घोळ घालत कार्यक्रम रेटला होता. सांगायची वेळ आत्ताच होती, इथे, शेंगांच्या टरफलांमध्ये, त्याच्या एकट्यापाशी. "रॉय्स, तुला माहीत असायचं. मी सांगायचे."

"मी येईन," ती म्हणाली.

त्याने तिचा हात हातात घेतला आणि थोपटला. परसातून हॉइट ओरडला, "ए, बायकोचा हात धरलास तर तुला होडीला उलटा टांगीन!" रॉय्सला ते ऐकू गेलं नाही. व्हर्नाला हसू आलं नाही.

*

वाचनालयाच्या सभागृहात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. अलीकडचे डावीकडे बसले होते आणि पलीकडचे उजवीकडे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. फक्त डेल्मर येऊन हॉइटशेजारी बसला आणि म्हणाला, "सरक, माझा आवाज मोठा आहे, त्याला जागा लागते."

व्हर्ना कोपऱ्यात थंड चहाच्या पिंपाशी उभी होती. कुणीतरी तिच्या हातात कागदी पेला दिला. वळून पाहिलं, तर पन्नाशीची एक बाई, परिचारिकेच्या निळ्या कपड्यात, कामावरून थेट आलेली.

"तुम्ही व्हर्ना ना? फोनवरची पोरगी?"

तो आवाज त्या आवाजासारखा नव्हता. तरी त्यात कुठेतरी तीच काकवी होती.

"मी नाओमी पिकेट."

"हो," व्हर्ना म्हणाली.

"घाबरू नका, तुमच्याशी भांडायला नाही आले. आई तुमच्याबद्दल फार बोलायची. म्हणायची, तिथे आत एक गुणी पोरगी आहे, ती मला हवेवर चढूच देत नाही. आम्ही म्हणायचो, आई, अगं ती तुला टाळतेय. तर आम्हालाच झापायची. टाळत नाही, जपतेय मला."

व्हर्नाने पेला दोन्ही हातांनी धरला.

"आणि त्या दिवसानंतरसुद्धा हेच. म्हणायची, बिचारीला ठाऊक नसणार तो असा उलटेल. नाहीतर तिने मला सोडलंच नसतं. शेवटच्या दुखण्यातही एकदा विचारलं तिने, ती पोरगी अजून तिथेच असते का गं? जेवते ना वेळेवर?" नाओमी थोडी हसली. "त्या माणसाला मी क्षमा करायला आलेली नाही. पण तुम्ही भेटलात तर हे सांगायचं होतं. आईचं राहून गेलेलं काम म्हणा."

ती गेली, आणि व्हर्ना तिथेच उभी राहिली. कुणी तिच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मार सोसता येतो. पण असा आशीर्वाद, चुकीच्या दारी आलेला, तो कुठे ठेवायचा?

पाद्री कोल्विन यांनी सगळ्यांना शांत केलं. टेप पुन्हा वाजली. "चला, पुढचा फोन." खरखर. "गुड मॉर्निंग, मिस ओडेसा!" ढोल. शेवटचा प्रश्न. मग खोलीत असा सन्नाटा पसरला की बर्फाचा खडा पिंपात विरघळून खाली बसला, तो आवाज आला.

रॉय्स काठीवर उठला. आपण त्या बाईशी नीच वागलो, असं तो म्हणाला, आणि उजवीकडे वळून नाओमीकडे बघत म्हणाला. डावीकडे कुणी टाळ्या वाजवायला लागलं, त्याने हात वर करून थांबवलं. "पण एक गोष्ट माझ्या थडग्यापर्यंत सांगेन. मी माणसाचा रंग बघून बोललो नाही. मला दिसतच नव्हता. मला शब्द दिसायचे. रेडिओला..." तो थांबला, वाक्य पुरं केलं नाही. गावाने ते मनात पुरं केलं.

"मग ढोल कशाला?" उजवीकडून एक बाई ओरडली. "मेयरला वाजवलेस का कधी ढोल?"

"तो सगळ्यांची टर उडवायचा!" डावीकडून एकजण. "मी शेतकरी, माझ्यासाठी गाय हंबरवायचा तो. मी रडलो का?"

"तुला गाय आहे म्हणून! तिच्या घरी ढोल कुठे होता?" डेल्मर बसल्या जागेवरून म्हणाला, आणि दोन्हीकडचे हसले, क्षणभर का होईना.

"म्हणजे ओरडणाऱ्यांना आज सगळंच वर्णद्वेष वाटतं," मागून कुणी म्हणालं. "उद्या गप्प बसलो तरी वाटेल."

"गप्प बसलात ना," नाओमी म्हणाली, आवाज न चढवता. "तेव्हा सगळे गप्पच बसलात. माझी आई त्या दिवसानंतर पुलावर आली नाही. डोळे गेले तिचे."

पुन्हा गलका झाला. गलक्यातून रॉय्सचा आवाज वर आला, तोच जुना, खोली भरून टाकणारा. "व्हर्ना इथे आहे. ती माझ्याजवळ बसायची. तिला विचारा, मला माहीत असायचं का!"

माना वळल्या. डावीकडच्या, उजवीकडच्या. हॉइटने तिला डोळ्यांनी धीर दिला. नाओमी थकलेली, पण मऊ नजरेने बघत होती. अलीकडचं एक माणूस तरी आपल्या बाजूचं आहे, अशी तिला खात्री वाटत होती, आणि व्हर्नाला सगळ्यात जास्त तेच सोसेना. रॉय्स तिच्या ओठांकडे बघत होता.

पेला ठेवायला जागा दिसेना, म्हणून ती तो हातात धरूनच पुढे आली.

"त्याला माहीत असायचं," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल गं," पाद्री म्हणाले.

"त्याला माहीत असायचं. मी सांगायचे. प्रत्येक फोन सोडायच्या आधी त्याच्या कानात सांगायचे, अलीकडचा का पलीकडचा. त्याने एकदा विचारलं होतं. त्यानंतर त्याला पुन्हा विचारायला लागलं नाही. तो विसरलाय, खोटं बोलत नाही. मी विसरले नाही."

रॉय्सचे ओठ हलले. तिच्या ओठांवरून त्याने ते वाचलं होतं. तो हळूहळू खुर्चीत बसला, चेहरा असा, की कुणी स्वतःच्याच घरात चोर पाहिला असावा. डावीकडून कुणीतरी "गद्दार" म्हणालं. उजवीकडे कुणी "हे देवा" म्हणालं. व्हर्नाला वाटलं, इथे थांबता येईल. दोष वाटला गेला. त्याचा अर्धा, तिचा अर्धा. लोक तिला भली म्हणतील, उशिरा का होईना खरं बोलली म्हणतील. नाओमी येऊन तिचा हात धरेल. ती आत्ताच खुर्चीतून उठत होती.

"थांबा," व्हर्ना तिला म्हणाली. "जवळ येऊ नका. तुमच्या आईचं माझ्याबद्दल चुकलं होतं. त्या टेपवर आधी खरखर आहे ना, त्यात मी बोलतेय. त्या दिवशी फोन सोडताना मी त्याला नुसतं पलीकडची म्हणाले नाही. मला त्या फार आवडायच्या. त्याने त्यांना बरं वागवावं, असं वाटत होतं मला. म्हणून अजून बोलले. मला ती शिफारस वाटली होती. इतक्या वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नाही, हॉइटलाही नाही."

पेला तिच्या हातात चेपला गेला, आणि चहा मनगटावरून ओघळला.

"मी म्हणाले, मिस ओडेसा, बस बंद होतेय त्याबद्दल, पलीकडची आहे. पण त्यांच्यातल्या बाकीच्यांसारखी नाही. चांगली आहे."